चेंगराचेंगरीचा कर्ता

मराठीत एक सोयीची शब्दघडण आहे. मारामारी, ढकलाढकली, ओढाओढी, पळापळ. या शब्दांत क्रिया भरपूर असते, कर्ता मात्र सापडत नाही. किंवा असं म्हणू, की जमलेले सगळेच कर्ते असतात. दोन पोरं वर्गात भांडली आणि बाईंनी 'काय मारामारी चाललीये?' असं विचारलं, की पहिला हात कुणी उचलला हा प्रश्न तिथेच बुडतो. दोघांनाही बाकावर उभं राहावं लागतं.

'चेंगराचेंगरी' हा शब्द त्याच घराण्यातला. हिंदी वर्तमानपत्रं 'भगदड' म्हणतात, इंग्रजी वर्तमानपत्रं बिथरलेल्या गुरांच्या कळपासाठी असलेला शब्द माणसांना लावतात. दोन्हीकडे चित्र पळणाऱ्यांचं. त्या मानाने आपला शब्द अर्धा खरा आहे, कारण माणसं कशी मेली ते तो सांगतो: चेंगरून. उरलेल्या अर्ध्यात तो गफलत करतो. चेंगरलेल्यांनीच एकमेकांना चेंगरलं, असं त्याचं व्याकरण सुचवतं. या पुस्तकाचा विषय थोडक्यात सांगायचा तर तो हा व्याकरणाचा घोळ आहे. मैदानात माणसं मेल्यावर त्या वाक्याचा कर्ता कोण, हे कोण ठरवतं, कधी ठरवतं, आणि ठरवायला किती वर्षं लावतं?

आधी मरणाबद्दल, कारण तिथेच पहिला गैरसमज आहे. अशा घटनांत बहुतेक माणसं पायाखाली तुडवली जाऊन मरत नाहीत. ती उभ्या उभ्या मरतात. चौरस मीटरमध्ये चार माणसं असली तर गर्दी नुसती त्रासाची. सहा-सातच्या पुढे गेली, की माणसाची हालचाल त्याची स्वतःची राहत नाही. गर्दी पाण्यासारखी हलायला लागते, लाट येते तशी सगळी एका बाजूला झुकते. छातीवर आणि पाठीवर एकाच वेळी दाब आला की फुप्फुस फुगायला जागा उरत नाही. ओरडण्यासाठी लागणारा श्वाससुद्धा मिळत नाही, म्हणून लांबून पाहणाऱ्याला काही कळत नाही.

याची चुणूक मी एकदा अनुभवली आहे. सामना सुटल्यावर एका अरुंद जिन्यावर आम्ही अडकलो. दोनतीन मिनिटांचाच खेळ. खिशातला फोन सांभाळायला छातीशी घेतलेला हात तसाच अडकून पडला. पुढच्या माणसाचा ओला शर्ट गालाला चिकटलेला आणि एका पायाखाली पायरी नाही. मागची कॉलेजची पोरं 'चला, चला' ओरडत होती, हसतही होती. त्यांच्यात दुष्टपणा काहीच नव्हता. पुढे जिना संपतो तिथलं दार अर्धंच उघडलंय, हे त्यांना दिसत नव्हतं. मलाही दिसत नव्हतं. ते दिसू शकेल असा एकच माणूस होता, आणि तो दारापाशी होता. पुढे शेफिल्डची कागदपत्रं वाचताना मला तो जिना वारंवार आठवत राहिला.

१५ एप्रिल १९८९. उत्तर इंग्लंडमधलं शेफिल्ड शहर, हिल्सबरो मैदान. एफए कपची उपान्त्य फेरी, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट, सामना दुपारी तीनचा. लिव्हरपूलच्या उभ्याने सामना पाहणाऱ्या १०,१०० प्रेक्षकांना लेपिंग्ज लेनच्या बाजूने आत जायचं होतं आणि त्यांच्यासाठी एकेकाला सोडणारी फिरती दारं होती सात. गणित शाळकरी आहे. अडीचनंतर त्या दारांबाहेरच जीव गुदमरायला लागला, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्याने मोठं दार उघडायची परवानगी पुन्हा पुन्हा मागितली. दोन वाजून बावन्न मिनिटांनी पोलीस बंदोबस्ताचे प्रमुख डेव्हिड डकनफिल्ड यांनी ती दिली. 'सी' दार उघडलं आणि सुमारे दोन हजार माणसं आत चालत गेली. धावत नव्हे, चालत. समोरच एक उताराचा बोगदा होता आणि तो मधल्या दोन कुंपणबंद कप्प्यांत उतरत होता. ते कप्पे आधीच भरले होते. बाजूच्या कप्प्यांत मोकळी जागा होती, पण तिकडे जा असं सांगणारं कुणी उभं नव्हतं आणि बोगद्याचं तोंड अडवावं असं कुणाला सुचलं नाही. आदल्या वर्षी याच मैदानावर, याच दोन संघांच्या सामन्यात ते अडवलं होतं, असं सांगणारे साक्षीदार आहेत. त्या वर्षीचे बंदोबस्त प्रमुख वेगळे होते. डकनफिल्ड यांच्याकडे हे काम येऊन तीन आठवडेही झाले नव्हते.

नियंत्रण कक्ष त्याच टोकाला होता. त्याच्या खिडकीतून हे कप्पे दिसत, शिवाय कॅमेऱ्यांचे पडदे होते. कुंपणावर चढणारी माणसं त्या खिडकीतून दिसली आणि पाहणाऱ्यांनी त्याचा अर्थ लावला: मैदानात घुसताहेत. कुत्री घेऊन येणारे पोलीस मागवले गेले. तीन वाजून सहा मिनिटांनी सामना थांबला. प्रेक्षक जाहिरातींच्या फळ्या उपटून त्यांचे स्ट्रेचर करत होते, जखमींना उचलून मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडे धावत होते. आणि त्याच वेळी मैदानाच्या मधोमध पोलिसांची रांग उभी होती, दोन संघांच्या पाठीराख्यांत हाणामारी होऊ नये म्हणून. मला या सगळ्या प्रकरणातलं हे दृश्य सर्वांत बोलकं वाटतं. रांगेतल्या शिपायांचा दोष त्यात फारसा नाही. त्यांना सकाळीच सांगून ठेवलं होतं की आज समोर येईल तो दंगलखोर.

हा संशय आकाशातून पडला नव्हता. १९८५ मध्ये ब्रुसेल्सच्या हायझेल मैदानावर लिव्हरपूलचे पाठीराखे युव्हेंटसच्या पाठीराख्यांवर चालून गेले होते आणि ३९ जण मेले होते. ते झाकायचं कारण नाही. काही लिव्हरपूलवासीयांना बेल्जियमच्या न्यायालयाने सदोष मनुष्यवधाची शिक्षाही दिली. पण त्या दशकात इंग्लंडमध्ये फुटबॉलचा प्रेक्षक म्हणजे आवरायची वस्तू, असं ठरूनच गेलं होतं. कुंपणं त्यासाठी होती, कप्पे त्यासाठी होते. १९८१ मध्ये याच लेपिंग्ज लेनच्या टोकाला गर्दीत ३८ जण जखमी झाले होते. त्यातून घेतलेला धडा असा, की आडवी कुंपणं घालून आणखी कप्पे पाडले. मैदानाचा सुरक्षितता दाखला १९७९ चा. बांधकाम बदलत गेलं, दाखला तसाच राहिला. कागद जुना आणि भिंत नवी, हे आपल्याकडच्या कुठल्याही वाचकाला समजावून सांगायची गरज नाही.

सव्वातीनच्या सुमारास फुटबॉल संघटनेचे मुख्य अधिकारी ग्रॅहम केली नियंत्रण कक्षात आले. डकनफिल्ड यांनी त्यांना सांगितलं की प्रेक्षकांनी दार फोडलं. दार त्यांच्याच हुकमाने उघडलं होतं. माणसं अजून मरत होती आणि वाक्याचा कर्ता बदलून झाला होता. हे वाक्य काही मिनिटांत प्रसारमाध्यमांपर्यंत पोचलं आणि मग सत्तावीस वर्षं इंग्लंडच्या हवेत राहिलं.

संध्याकाळी मैदानाशेजारच्या व्यायामशाळेत मृतदेह ठेवले. दाराजवळ एका फलकावर चेहऱ्यांचे पोलरॉइड फोटो लावले होते. आईबापांनी ते एकेक करून पाहत जायचं. आपलं माणूस सापडलं की ते चाकांवरून समोर आणलं जायचं, ओळख पटली की तिथेच शेजारच्या टेबलावर जबाब. प्रश्न असे: तो किती प्यायला होता? वाटेत कुठे थांबला होता? कॉरोनरच्या, म्हणजे अनैसर्गिक मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, सांगण्यावरून प्रत्येक मृताच्या रक्तातलं मद्याचं प्रमाण तपासलं गेलं. सर्वांत धाकटा मृत दहा वर्षांचा होता. त्याचंही तपासलं गेलं. चार दिवसांनी 'द सन'ने पहिल्या पानावर 'सत्य' असा मथळा टाकून छापलं, की लिव्हरपूलच्या लोकांनी मृतांचे खिसे कापले, मदत करणाऱ्या पोलिसांवर लघवी केली. बातमी पोलिसांतल्या सूत्रांकडून आणि एका खासदाराकडून आली होती. लिव्हरपूलमध्ये त्या वर्तमानपत्रावर जो बहिष्कार पडला तो आजही पुरता उठलेला नाही.

गुन्हेगारीशास्त्राकडे वळायची वेळ इथे येते. हे शास्त्र म्हणजे चोर का चोरी करतो याचा अभ्यास, असा सर्वसाधारण समज आहे, आणि अभ्यासक्रमांनी तो बराचसा जपला आहे. पण १९३९ मध्येच अमेरिकेत एडविन सदरलँड यांनी सांगितलं होतं की अंगात कोट घालून, कचेरीत बसून केलेल्या गुन्ह्यांकडे या शास्त्राने पाठ फिरवली आहे. पुढे साइक्स आणि मात्झा यांनी १९५७ मध्ये बालगुन्हेगार आपलं कृत्य स्वतःला कसं पटवतात, याच्या तऱ्हा मांडल्या: माझा त्यात दोष नाही, कुणाचं काही बिघडलं नाही, त्याचीच ती लायकी होती, मला बोलणारे तुम्ही कोण. स्टॅन्ली कोहेन यांनी नंतर दाखवून दिलं की सरकारं आणि संस्थाही हुबेहूब याच तऱ्हांनी बोलतात, फक्त लेटरहेडवर. पोलिसांचं 'दार प्रेक्षकांनी फोडलं, ते प्यालेले होते, त्यांनी मृतांना लुटलं' हे वाचलं की पोरवयाच्या चोराचीच ही भाषा, हे ओळखायला पदवी लागत नाही.

हिल्सबरोचा असा अभ्यास करणारा माणूस म्हणजे फिल स्क्रॅटन. स्वतः लिव्हरपूलकडचे, पुढे बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात गुन्हेगारीशास्त्राचे प्राध्यापक झालेले. घटनेनंतर लगेच ते या कामाला लागले आणि पुढची अनेक वर्षं त्यांनी तेच केलं. या पुस्तकावर त्यांचं ऋण आहे. त्यांनी पुढे आणलेल्या गोष्टींतली एक मी वाचकाच्या हातात देऊ इच्छितो. अपघातानंतर पोलिसांना सांगण्यात आलं, की नेहमीच्या खिशातल्या वहीत नोंद करू नका, साध्या कागदावर आठवेल ते लिहा. ते कागद वरिष्ठांकडे आणि वकिलांकडे गेले आणि सूचनांसह परत आले. 'नियंत्रण कुणाचंच नव्हतं', 'वॉकीटॉकीवर हुकूम येत नव्हते' अशा आशयाची वाक्यं खोडा, गर्दीबद्दलची राहू द्या. एकाच शिपायाचे दोन जबाब शेजारी शेजारी ठेवले, की पहिल्यात भेदरलेला, चिडलेला, रडवेला माणूस दिसतो. दुसऱ्यात पोलीस खातं बोलतं. या प्रकरणाची कागदपत्रं तपासणाऱ्या स्वतंत्र समितीने २०१२ मध्ये मोजलं: १६४ जबाबांत ठळक फेरफार, त्यांतल्या ११६ मधून पोलिसांना प्रतिकूल मजकूर काढलेला.

वास्तविक खरं काय ते लगेच कळलं होतं. हीच या प्रकरणातली विचित्र गोष्ट. चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती टेलर यांचा अंतरिम अहवाल ऑगस्ट १९८९ मध्येच आला आणि मुख्य कारण पोलिसांचं नियंत्रण सुटणं हे त्यात स्वच्छ लिहिलं होतं. त्यांच्या शिफारशींमुळे इंग्लंडची मोठी मैदानं पूर्णपणे खुर्च्यांची झाली, कुंपणं गेली. काँक्रीट बदललं, पण सरकारने तेव्हा खटला कुणावर भरला नाही. आणि मार्च १९९१ मध्ये कॉरोनरच्या ज्यूरीने निर्णय दिला: अपघाती मृत्यू.

कॉरोनर ही संस्था मुंबईकरांना परकी नाही. १९९९ पर्यंत आपल्याकडेही होती. ती गेली तरी पोलीस ठाण्यातला 'अकस्मात मृत्यूची नोंद' हा शब्दप्रयोग राहिलाच. नातेवाइकाला तो काय देतो हे ज्याने ठाण्याच्या बाकावर रात्र काढली आहे त्याला विचारावं. शेफिल्डच्या कॉरोनरने एक रेष आखली होती: दुपारी तीन पंधरा. त्या वेळेपर्यंत सर्वांना प्राणघातक इजा होऊन गेल्या होत्या, तेव्हा पुढचं काही ऐकायची गरज नाही. म्हणजे रुग्णवाहिका मैदानात का आल्या नाहीत, कुणाला प्राणवायू मिळाला असता तर काय झालं असतं, हे सगळं रेषेपलीकडे. अ‍ॅन विल्यम्स या बाईंचा पंधरा वर्षांचा मुलगा त्या दिवशी गेला. चारच्या सुमारास त्याने डोळे उघडून 'आई' म्हटलं, असं सांगणारी एक महिला पोलीस होती. तिच्यावर जबाब बदलण्यासाठी दबाव आला. बाई दुकानात काम करणाऱ्या, कायद्याशी संबंध नाही. त्यांनी वीस-बावीस वर्षं शवविच्छेदनाचे अहवाल वाचले, डॉक्टर शोधले, अर्जांमागून अर्ज केले आणि नकार गोळा केले. २०१२ च्या समितीने सांगितलं की ४१ जण वाचू शकले असते. त्या डिसेंबरात उच्च न्यायालयाने जुना निर्णय रद्द केला. एप्रिल २०१३ मध्ये अ‍ॅन विल्यम्स कॅन्सरने गेल्या.

वॉरिंग्टनला भरलेली नवी चौकशी दोन वर्षांवर चालली. २६ एप्रिल २०१६ रोजी ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी म्हटलं, की या माणसांचा बेकायदा वध झाला आणि प्रेक्षकांच्या वागण्याचा त्यात काही वाटा नव्हता. त्याआधी साक्षीत डकनफिल्ड यांनी दाराबद्दल आपण खोटं बोललो हे मान्य केलं होतं, आणि बोगदा न अडवणं हेच मृत्यूंचं थेट कारण होतं हेही. वाचकाला वाटेल, संपलं. २०१९ मध्ये प्रेस्टनला त्यांच्यावर फौजदारी खटला उभा राहिला. पहिल्या ज्यूरीचं एकमत होईना, दुसरीने त्यांना निर्दोष सोडलं. हिल्सबरो मैदान ज्या क्लबचं, त्याच्या तत्कालीन सचिवाला सुरक्षितता कायद्याखाली ६,५०० पौंड दंड झाला. या साऱ्या प्रकरणातली शिक्षा म्हणायची तर तेवढीच. २०२१ मध्ये जबाब बदलल्याचा खटला मध्येच कोसळला. कारण ऐकण्यासारखं आहे: टेलर यांची चौकशी वैधानिक न्यायालयीन चौकशी नव्हती, म्हणून तिच्यापुढे फिरवलेले जबाब ठेवणं म्हणजे न्यायप्रक्रियेत अडथळा ठरत नाही. थोड्याच दिवसांत दोन पोलीस दलांनी या लपवाछपवीपोटी ६०१ जणांना भरपाई द्यायचं मान्य केलं. भरपाई आहे, गुन्हा नाही. पुन्हा कर्त्याविना क्रिया.

कुणाला वाटेल की हा इंग्रजांचा खास गुण. तसं नाही. १९६४ मध्ये पेरूतल्या लिमाला पोलिसांनी प्रेक्षकांत अश्रुधूर सोडला, जिन्यांखालची लोखंडी दारं बंद होती आणि ३२८ जण गेले. १ ऑक्टोबर २०२२ ला इंडोनेशियातल्या कांजुरुहान मैदानात पुन्हा अश्रुधूर, पुन्हा अरुंद दारं, १३५ मृत्यू. तिथल्या खालच्या न्यायालयाने एका पोलीस अधिकाऱ्याला सोडताना म्हटलं की धूर वाऱ्याने मैदानाच्या मध्याकडे ढकलला होता. वारा हा कर्ता! वरच्या न्यायालयाने तो निर्णय फिरवला, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. मुंबईत २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २३ माणसं गेली, तेव्हा रेल्वेच्या चौकशीने पावसावर बोट ठेवलं होतं. आणि नागपूरला २३ नोव्हेंबर १९९४ रोजी, विधानभवनावरच्या मोर्चात पोलीस, लाठ्या आणि अडसरांमध्ये गोवारी समाजाचे ११४ जण गेले. मंत्र्यांनी राजीनामा दिला, आयोग बसला, उड्डाणपुलाला 'आदिवासी गोवारी शहीद' हे नाव मिळालं. 'शहीद' या शब्दाचा मान राखूनही म्हणतो, त्याच्याही व्याकरणात मारणारा दिसत नाही. नागपूर आणि एल्फिन्स्टन हे मैदानाबाहेरचे असल्यामुळे या पुस्तकात त्यांना स्वतंत्र प्रकरण नाही. ते काम मला पेललं नसतं, हेही एक कारण.

न्याय म्हणजे काय हवं होतं, असं लिव्हरपूलच्या कुटुंबांना लोक विचारत. उत्तरं एकसारखी नव्हती. कुणाला एक माणूस तुरुंगात पाहायचा होता. कुणाला फक्त 'तो प्यालेला नव्हता' हे सरकारी कागदावर हवं होतं. त्यांच्या दोन संघटनांतही यावरून दुरावा आला, आणि तो लपवून त्यांना संतांच्या रांगेत बसवण्यात अर्थ नाही. पुढे बऱ्याच जणांचं लक्ष एका कायद्यावर एकवटलं: चौकशीत सरकारी नोकराने खरं सांगितलंच पाहिजे, आणि मृताच्या घरच्यांना वकील सरकारी खर्चाने मिळाला पाहिजे. असं विधेयक ब्रिटिश संसदेत सप्टेंबर २०२५ मध्ये मांडलं गेलं. खरं बोला, एवढं सांगायला छत्तीस वर्षं आणि एक विधेयक.

शेवटी आकड्यांबद्दल एक खुलासा, कारण मुद्रितं तपासणाऱ्या मित्राने पानोपानी खुणा केल्या होत्या. हिल्सबरोच्या मृतांचा आकडा या पुस्तकात वेगवेगळा दिसेल. १९९१ ची चौकशी झाली तेव्हा तो ९५ होता. एक तरुण दीर्घकाळ अचेत अवस्थेत इस्पितळात पडून होता. त्याला अन्न देणारी नळी काढावी की नाही, हा प्रश्न लॉर्ड्सच्या सभागृहापर्यंत गेला आणि १९९३ च्या मार्चमध्ये तो तरुण वारला तेव्हा आकडा ९६ झाला. 'एअरडेल विरुद्ध ब्लँड' हा तो निवाडा. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये केईएम इस्पितळात तशाच अवस्थेत पडून असलेल्या अरुणा शानबाग यांच्या बाबतीत निर्णय देताना तो सविस्तर विचारात घेतला आहे. पण जुन्या इंग्लिश कायद्याप्रमाणे इजेनंतर एक वर्ष आणि एक दिवस उलटून मृत्यू आला, तर तो वध धरता येत नसे. म्हणून २०१९ च्या आरोपपत्रात मृत ९५ आहेत. त्या दिवशी जखमी झालेला आणखी एक जण जुलै २०२१ मध्ये वारला, खटले सगळे आटोपल्यावर, आणि कॉरोनरने त्याचाही मृत्यू बेकायदा वध ठरवला. लिव्हरपूल संघाच्या जर्सीवर मानेमागे ९६ असायचे, तिथे आता ९७ आहेत. मी माझ्या वाक्यांत ९७ लिहिलं आहे. जिथे ९५ किंवा ९६ येईल तिथे ते त्या त्या कागदातलं आहे, छपाईचा दोष नाही.